चावी कोणाच्या खिशात?

खंडेनवमीला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक चक्कर मारून या. एरवी गेटपासशिवाय आत न सोडणारा वॉचमन त्या दिवशी हातावर पेढा ठेवतो. मशीनला झेंडूच्या माळा, पॅनलवर हळदकुंकवाची बोटं, गेटबाहेर नारळाच्या शेंड्यांचा ढीग. कामगारांची बायकापोरं नवे कपडे घालून शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, फिरत असतात आणि प्रत्येक बाप आपल्या पोराला सांगत असतो, "हे माझं मशीन."

मी आधी मेंटेनन्सला आणि नंतर सेफ्टीला होतो त्या कंपनीतली ही गोष्ट. पूजेसाठी आम्ही वेल्डिंगच्या रोबोटचं कुंपण उघडं ठेवलं होतं. मेन पाडला होता, म्हणजे वीज नव्हती. सहा-सात वर्षांची एक पोरगी रोबोटकडे बघत मला म्हणाली, "काका, हा झोपलाय का?" मी हसून हो म्हणालो. तेवढ्यात आमचा एक हेल्पर फिक्सचरला, म्हणजे वेल्डिंगचा जॉब (तुकडा) पकडून ठेवणाऱ्या चौकटीला, माळ बांधायला वाकला, त्याच्या कोपराने एअर व्हॉल्व्हचं बारीकसं बटण दाबलं गेलं आणि उघडा असलेला क्लॅम्प 'खट्ट' करून मिटला. मधे फक्त झेंडूचं फूल होतं. त्याचा चोथा झाला.

वीज बंद होती, पण कॉम्प्रेसरची हवा लाइनमध्ये तशीच भरलेली होती. रोबोट झोपला होता, क्लॅम्प जागा होता. आणि त्या जागेत शिरायला त्या दिवशी आम्ही कोणालाच अडवत नव्हतो.

धोक्याच्या जागी कोणाला, कधी आणि कसं जाऊ द्यायचं हा विषय मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. तोवर मी समजत होतो की हे काम गेटचं आणि पाटीचं आहे.

खरं तर नाशिककरांना गेटचं कौतुक सांगायला नको. नाशिकरोडला १९२८ पासून करन्सी नोट प्रेस आहे, शेजारी सिक्युरिटी प्रेस आहे. प्रेसमध्ये कामाला असलेला एखादा काका, मामा इथल्या पुष्कळ घरांत सापडतो. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ते गेट आतल्या मालाला माणसापासून वाचवायला आहे. त्याचा प्रश्न एकच: तू कोण? उत्तर बरोबर आलं की काम झालं, आणि ते उत्तर सकाळी जे असतं तेच संध्याकाळी असतं.

धोक्याच्या जागेचं गेट माणसाला आतल्या गोष्टीपासून वाचवायला असतं. त्याला 'तू कोण' विचारून भागत नाही. तू कशाला चाललास, आत्ता आत काय चालू आहे, आणि तू आत असताना ते कोणी चालू करणार नाही ना, हे सगळं त्याने विचारायला हवं. वीस वर्षं मुरलेला फिटर दहा वाजता आत जायला अगदी लायक असेल. तोच माणूस साडेदहाला तिथे जाता कामा नये, कारण मधल्या अर्ध्या तासात कोणीतरी मेन चढवलाय. बायोमेट्रिक मशीनला यातलं काही कळत नाही. तिला फक्त अंगठा कळतो, आणि ग्रीसने माखलेला असला तर तोही नाही.

पाटीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी सगळी भिस्त पाटीवरच असते. 'धोका' लिहिलेली लाल पाटी, खाली कवटी आणि दोन हाडं. ही पाटी कधीतरी रिकाम्या वेळात मोजा. डीपीवर आहे, जनरेटरच्या खोलीवर आहे, भंगार ठेवायच्या खोलीवर आहे, आणि एका कंपनीत तर मी ती स्टेशनरीच्या कपाटावर पाहिली, कारण पेन चोरीला जायचे. सगळीकडे एकच पाटी लावली की ती भिंतीचा रंग होऊन जाते. वर आपल्याकडे शॉपमध्ये पेठ-सुरगाण्याकडची पोरं असतात, बिहार-उत्तर प्रदेशातली असतात, आणि पाटी लिहिलेली असते संस्कृतप्रचुर मराठीत: 'अनधिकृत व्यक्तींस प्रवेश निषिद्ध'. ती वाचून होईपर्यंत माणूस आत पोचलेला असतो.

शिवाय पाटी ओलांडणारा माणूस बेफिकीर असतो हा समज चुकीचा आहे. मी पाहिलेले बहुतेक जण कंपनीचे सगळ्यात कामसू लोक होते. लाइन थांबली आहे, सुपरवायझर मागे उभा आहे, पत्रा दाबायच्या प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, स्क्रॅपचा एक तुकडा अडकलाय. दार उघडून, मशीन बंद करून, परत चालू करायला चार मिनिटं लागतात आणि हात घालून तुकडा काढायला चार सेकंद. रोज वीस वेळा तो हात घालतो आणि रोज वीस वेळा काही होत नाही. चांगला कामगार म्हणून त्याचं नावही होतं. अशा माणसाला पाटी काय अडवणार?

म्हणून पहिला प्रश्न 'कोणाला अडवायचं' हा नसतो. पहिला प्रश्न: आत जायची गरजच का पडते?

आमच्या त्या रोबोटच्या कुंपणात लोक कशाला जातात हे आम्ही एकदा आठवडाभर वहीत लिहून काढलं. प्रेशर गेज वाचायला, खाली पडलेले जॉब उचलायला, ग्रीस मारायला. खरा बिघाड काढायला कोणी गेला असेल तर तो अगदी क्वचित. मग गेज लांब पाइप लावून कुंपणाबाहेर आणलं. ग्रीसचे निपल नळीने बाहेर ओढून एका पट्टीवर बसवले. पडलेले जॉब घसरून बाहेर यावेत म्हणून खाली पत्र्याची घसरगुंडी केली. पत्रा आमच्याच स्क्रॅपमधला होता, खर्च जवळजवळ शून्य. पुढच्या महिन्यात ते दार उघडायची वेळ क्वचितच आली. आत न जाणाऱ्या माणसाला आत अपघात होत नाही. सेफ्टीच्या जाडजूड पुस्तकांत हेच पहिल्या पानावर असतं आणि हेच लोक सोडून देतात, कारण यात ऑडिटरला दाखवायला चकचकीत काही नसतं.

जिथे जावंच लागतं तिथे दाराला अक्कल द्यावी लागते. याला इंटरलॉक म्हणतात. घरचं वॉशिंग मशीन आठवा: ड्रम फिरत असताना झाकण उघडलं की फिरणं थांबतं, किंवा झाकण उघडतच नाही. तीच कल्पना. कुंपणाच्या दाराला स्विच असतो, दार उघडलं की आतली हालचाल थांबते. यात दोन बारकावे फार महत्त्वाचे. एक, दार परत लावल्याबरोबर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, कारण माणूस आत असताना वाऱ्याने किंवा सवयीने दुसऱ्या कोणीतरी दार लोटलं तर? सुरू करण्याआधी वेगळं रिसेट बटण दाबावं लागलं पाहिजे. दोन, ते बटण कुंपणाबाहेर, पण जिथून आतला कोपरान् कोपरा दिसतो अशा जागी हवं, आणि आत उभ्या माणसाचा हात तिथे पोचता कामा नये. आमच्याकडे एका जुन्या मशीनला ते बटण खांबाच्या मागे होतं. दाबणाऱ्याला फक्त खांब दिसायचा.

पत्रा दाबायच्या प्रेसवर दाराऐवजी लाइट कर्टन असतं, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आडवा आला की रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येणारा भाग, थांबतो. पण रॅम जागच्या जागी थांबत नाही, त्याला क्षणभर लागतो. हिशोब करताना हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेसला थांबायला ०.३ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ६० सेंटिमीटर आत गेलेला असतो. म्हणजे पडदा डायपासून निदान तेवढा लांब हवा, थोडा जास्तच. मी असे पडदे पाहिलेत जे कामगाराला वाकावं लागू नये म्हणून वीस सेंटिमीटरवर आणून बसवलेले होते. पडदा चालू, दिवा हिरवा, सर्टिफिकेट भिंतीवर, आणि बोटं वाचवायच्या कामाला शून्य.

इंटरलॉकचा मोठा शत्रू म्हणजे बायपास, स्विचला फसवून दार उघडं असतानाही मशीन चालू ठेवणं. कुठल्याही शॉपमध्ये जुन्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजून विचारा, तो सांगेल: स्विचला चुंबक चिकटवतात, दाराची जी जीभ स्विचच्या खाचेत बसते तसली एक जादा आणून तिथे खुपसून ठेवतात, नाहीतर सरळ पॅनलमध्ये वायर मारून देतात. यावर ओरडून उपयोग नाही. बायपास सापडला की मी आधी विचारतो, दार दिवसातून किती वेळा उघडावं लागतं? उत्तर पन्नास असेल तर चूक चुंबकाची नाही, मशीनच्या रचनेची आहे.

आता कुलपाकडे येऊ. माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे.

थांबलेलं मशीन आणि बंद मशीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थांबलेलं मशीन कशाची तरी वाट बघत असतं: सेन्सरसमोर जॉब येण्याची, टाकीतली पातळी खाली जाण्याची, कोणीतरी बटण दाबण्याची. बंद मशीन म्हणजे ज्याची वीज, हवा, तेल, वाफ सगळं तोडलंय, आत साठलेलं सोडून दिलंय, आणि ते परत जोडणं माझ्या मर्जीशिवाय कोणालाही शक्य नाही. हे शेवटचं साधायला कुलूप लागतं. शॉपमध्ये याला 'लोटो' म्हणतात, लॉकआउट-टॅगआउटचं लघुरूप.

पद्धत अशी. मशीनमध्ये हात घालायचाय तर आधी आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा मेन स्विच, पाडायचा आणि त्याच्या दांड्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. कुलपाला आपलं नाव-फोटो असलेलं कार्ड. किल्ली एकच, आणि ती आपल्या खिशात. सुपरवायझरच्या टेबलावर नाही, स्टोअरच्या खिळ्यावर नाही. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. त्यासाठी सहा भोकांची एक लोखंडी पकड मिळते, आयसोलेटरला ती लावायची आणि प्रत्येकाने एकेका भोकात आपलं कुलूप अडकवायचं. चौघांनी काढलं, पाचव्याचं लटकतंय, तर मशीन चालू होत नाही. दहा-बारा ठिकाणी तोडायचं असेल आणि वीस माणसं असतील तर त्या सगळ्या तोडण्याच्या कुलपांच्या किल्ल्या एका पेटीत टाकतात आणि पेटीला वीस जण आपापलं कुलूप लावतात.

मग येते लोक हमखास विसरतात ती पायरी. कुलूप लावून झाल्यावर स्टार्ट बटण दाबून बघायचं. मशीन हललं नाही तर बरोबर मेन पाडला. हललं तर शेजारच्या मशीनचा मेन पाडलाय आणि देवाची कृपा म्हणून आत्ताच कळलं. पॅनलवरची नावं कितीदा चुकलेली असतात हे ज्याने जुन्या सातपूरमधल्या शेडमध्ये काम केलंय त्याला सांगायला नको. दोन मशीनं हलली, एक विकलं गेलं, पण पॅनलवरची नावं मात्र जुनीच.

आणि साठलेली ताकद. आमचं झेंडूचं फूल तिनेच चिरडलं. हवेच्या टाकीत दाब असतो, हायड्रॉलिकच्या ॲक्युम्युलेटरमध्ये असतो, कपॅसिटर वीज धरून बसतो, आणि वर उचललेला प्रेसचा रॅम तर नुसत्या वजनाने खाली यायला तयारच असतो. म्हणून डाय सेटर रॅमखाली जाड ठोकळा लावतात. कुलूप विजेला लागतं, गुरुत्वाकर्षणाला लागत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला याहून चतुर व्यवस्था असते. दाराची किल्ली ब्रेकरमध्येच अडकलेली असते. ब्रेकर पाडल्याशिवाय किल्ली निघत नाही, किल्लीशिवाय दार उघडत नाही, आणि दार उघडं असेपर्यंत किल्ली दारातून सुटत नाही. म्हणजे ब्रेकर परत चढवायचा तर आधी दार लावावंच लागतं. कोणाच्या आठवणीवर, प्रामाणिकपणावर काही अवलंबून नाही. मात्र दार लावणाऱ्याने आत डोकावलं पाहिजे, एवढं माणसाकडे उरतंच.

कुलपाच्या जोडीला कागद असतो, परमिट. हा शब्द खेड्यापाड्यातही माहीत आहे, कारण महावितरणचा वायरमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनला फोन करून 'परमिट' घेतो. आपण खाली उभं राहून 'लाइट कधी येणार' म्हणून कुरकुरत असतो, तेव्हा ते परमिटच त्याचा जीव धरून असतं. कारखान्यातही तेच: कोण आत जाणार, काय काम, किती ते किती, काय काय तोडलंय, गॅस किती मोजला, बाहेर कोण थांबणार, आणि काम संपल्यावर 'सगळे बाहेर आले' म्हणून सही.

कागद चुकला तर काय होतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्यापासून फार लांबचं आहे. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेलाचा प्लॅटफॉर्म जळला, १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, त्याजागी नुसती झाकणी लावली होती. पंपाचं परमिट वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पंपाचा कागद दिसला, व्हॉल्व्हचा दिसला नाही. त्यांनी तो पंप चालू केला. कागद होता, फक्त तो पंपाजवळ नव्हता आणि पाळी बदलताना त्याबद्दल कोणी बोललं नाही. म्हणून मी सांगत असतो, परमिटची एक प्रत कामाच्या जागी टांगा आणि पाळी बदलताना दोघांनी त्या जागेवर उभं राहून बोला. व्हॉट्सअॅपवर 'ओके सर' चालणार नाही.

आता अशी जागा, जिच्यात हलणारं काहीच नाही आणि तरी ती सगळ्यात जास्त फसवते. नाशिकमध्ये ती द्राक्षांमुळे आहे.

जानेवारी ते मार्च वाइनरीचा हंगाम. रस टाकीत आंबतो, यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. लिटरभर रसात २०० ग्रॅम साखर धरली तर त्यातून साधारण ५० लिटर वायू निघतो. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टाकीतून पाच लाख लिटर. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे टाकी रिकामी केल्यावरही तळाशी पाण्यासारखा साचून राहतो. दिसत नाही, वास नाही. रेड वाइनच्या टाकीतला चोथा फावड्याने काढायला माणूस मॅनहोलमधून आत उतरतो, वाकतो, आणि ज्या उंचीवर त्याचं नाक येतं तिथेच सगळा वायू असतो.

आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. रीत शहाणपणाची होती, पण पुरेशी नाही. ज्योत साधारण १६ टक्के ऑक्सिजनपर्यंत तग धरते, हवेत तो २०.९ टक्के असतो, आणि १९.५ च्या खाली माणसाने उतरूच नये असा दंडक आहे. कंदील विझेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. आणि आत पेट घेणारा वायू असेल तर कंदील म्हणजे काडीच.

मग लोक गॅस मीटर घेतात, आणि इथे एक असा सापळा आहे जो मलाही फार उशिरा कळला. बाजारात मिळणारा नेहमीचा चार गॅसचा मीटर ऑक्सिजन, पेट घेणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतो. कार्बन डायऑक्साइड त्या चारांत नाही! समजा टाकीत तो ५ टक्के आहे. त्याने हवा तेवढीच बाजूला सारली, म्हणजे ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ च्या आसपास आला. मीटरचा भोंगा १९.५ ला वाजतो. मीटर गप्प, माणूस खूश. आणि कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांनाच जिवाला तात्काळ धोका मानतात. वाइनरीत त्या वायूचा वेगळा मीटर लागतो, आणि मोजायचं वर, मध्ये आणि तळाशी, दोरीने नळी सोडून, बाहेर उभं राहून.

सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा वास. त्याची लबाडी वेगळी. प्रमाण वाढून १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भाग) घरात गेलं की नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. 'आता वास कमी झाला' म्हणून माणूस पुढे सरकतो.

बंदिस्त जागेत उतरण्याबद्दल १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३६ होतं. सक्षम माणसाने तपासून लेखी दाखला द्यायचा की आत जायला हरकत नाही, नाहीतर श्वासाचं उपकरण घालून, कमरेला पट्टा आणि दोर बांधून उतरायचं. टाकीत नेण्याच्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा कलम ३६अ मध्ये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा कामगार-सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली आहे, पण वायूंना कायदा बदलल्याचं कळलेलं नाही, तेव्हा जुनं कलम पाठ असू द्यावं.

दोर कशाला, हे नीट समजून घ्यायला हवं. एक माणूस आत कोसळतो. बाहेरचा त्याला बघतो, ओरडतो आणि वाचवायला उडी मारतो. तोही कोसळतो. मग तिसरा. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये लिहून ठेवलंय की बंदिस्त जागेत दगावणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. आपल्याकडे तर आत पडलेला बहुधा गाववाला असतो, भाऊबंद असतो, एकाच टोळीने आणलेला असतो. त्याला बघत उभं राहणं माणुसकीला धरून नाही असंच कोणालाही वाटणार. म्हणून बाहेर थांबणाऱ्याला आधीच, शांत डोक्याने सांगून ठेवावं लागतं: काहीही झालं तरी तू उतरायचं नाहीस. तुझ्या हातात दोर आहे, वर तिपाई आणि चरखी आहे, ओढायचं आणि हाका मारायच्या. दोर नसेल तर आतला माणूस उतरणारच नाही. प्रवेश रोखण्याचं सगळ्यात अवघड रूप हेच, मदतीला धावणाऱ्याला रोखणं.

उलटी बाजूही सांगतो, कारण दार लावायच्या नादात ती राहून जाते. आत जायला अडवणाऱ्या दाराने बाहेर यायला कधीच अडवता कामा नये. पिंपळगाव, दिंडोरीकडे द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं आहेत, बऱ्याच मोठ्या शीतगृहांत अमोनिया फिरतो. तो गळला तर नाकाला लगेच कळतं, पण डोळे उघडता येत नाहीत. आतल्या माणसाला आंधळेपणाने धक्का देऊन दार उघडता आलं पाहिजे. कार्डाने उघडणारी दारं वीज गेल्यावर, फायर अलार्म वाजल्यावर मोकळी झाली पाहिजेत. आणि आत किती जण होते हे बाहेर कोणाला तरी माहीत हवं. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी दाराबाहेर खिळ्यांची एक फळी आणि प्रत्येकाचा नंबर असलेला पितळी बिल्ला पुरतो. आत जाताना लावा, येताना काढा. एकामागे एक दोघं एकाच कार्डावर घुसले तर कॉम्प्युटर खोटं बोलतो, फळीवर निदान डोळ्याला दिसतं.

कायमच्या कामगारांना हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं. जीव टांगणीला लागतो तो ठेकेदाराच्या माणसांचा. कालच आलेला पोरगा, त्याला कोणी सांगितलंय 'त्या टाकीत उतर', आणि 'नाही' म्हणायची त्याची प्राज्ञा नाही. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला समोरच्या धोक्याची सूचना द्यायचा हक्क कायद्याने दिला होता. पण हक्क वापरायला बाजूला कोणीतरी उभं लागतं. आमच्याकडे एक जुना फिटर होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. नवा पोरगा त्याच्याकडे येऊन म्हणाला, "मामा, साहेब म्हणतात कुलपाची गरज नाही, पाच मिनिटांचं काम आहे." मामांनी स्वतःचं कुलूप त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "साहेबांना सांग, मामाने किल्ली हरवलीय. सापडेपर्यंत मेन चढणार नाही."

हे मामा किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधायचे. खिसा फाटतो म्हणायचे.

एकदा सेकंड शिफ्ट सुटताना त्यांचं काम संपलं, पण कुलूप काढायचं राहिलं आणि ते मखमलाबादला घरी निघून गेले. रात्री एकला लाइन सुरू करायची होती. फोन लावला तर उचलेनात. नाइटचा इन्चार्ज कटर घेऊन पॅनलजवळ आला. नियमाप्रमाणे कुलूप कापण्याआधी ते लावणारा माणूस आत नाही याची खात्री करायची असते, त्याच्याशी बोलून. हजेरीच्या पंचिंगचं मशीन दाखवत होतं की मामा ११:१२ ला बाहेर पडलेत. इन्चार्ज म्हणाला, "हा घ्या पुरावा." हेल्पर म्हणाला, "साहेब, गेल्या आठवड्यात माझं पंचिंग दुसऱ्यानेच केलं होतं." इन्चार्जने त्याच्याकडे बघितलं, कटर खाली ठेवला आणि एका पोराला मोटरसायकलवर मखमलाबादला पिटाळलं.

लाइन दीड तास उभी होती. मामा लेंग्यावर स्वेटर चढवून पोराच्या मागे बसून आले, कोणाशी एक शब्द न बोलता पॅनलजवळ गेले, वाकले, करदोटा ओढून किल्ली बाहेर काढली आणि कुलूप उघडलं. मग स्टार्ट कोणी दाबायच्या आधी आतून एक चक्कर मारून आले.

"चढवा," म्हणाले, आणि चहा विचारायला लागले.